घरात एक नवरा हवा

कंतांग, २९ जुलै २०१८

प्रिय नुई,

"परदेशी सून आहे, पावसाळ्यापर्यंत टिकेल." आमच्या लग्नाच्या जेवणात आई शेजारच्या लमाय मावशींना हे म्हणाल्या होत्या, आणि मला भाषा येत नाही या भरवशावर अगदी माझ्या शेजारी बसून म्हणाल्या होत्या. मला तेव्हा फार थोडे शब्द येत होते, पण 'सून' आणि 'पाऊस' त्यांत होते. परवा थवतच्या भिक्खू-दीक्षेत त्याच्या डोक्यावर कात्री धरून उभी होते तेव्हा हे वाक्य एकदम आठवलं. एकोणीस पावसाळे झाले. आई एप्रिलात गेल्या, मी आहे.

तुला रजा मिळाली नाही म्हणून सगळं लिहिते. फोन करू नकोस. फोनवर तू आपल्या दक्षिणेकडच्या थाई बोलीत इतकं भराभर बोलतेस की मी नुसतं हो हो म्हणते आणि नंतर कळतं की कशाला तरी कबूल झाले.

पहिली बट बाबांनी कापली, त्यांना धूसर दिसतं म्हणून थोडा कानही कापला. दुसरी मी. मग न्हाव्याने डोकं गुळगुळीत केलं आणि भुवयाही काढल्या. भुवयांशिवाय तुझा भाऊ कसलंतरी सतत आश्चर्य वाटत असल्यासारखा दिसतो. विहाराच्या मोठ्या भन्तेंनी भर सभेत विचारलं, "बायकोची परवानगी आहे ना?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी "आहे" म्हटलं, इतक्या मोठ्याने की बाबा दचकले.

आता वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने त्याला हात लावायचा नाही, वस्तू हातात द्यायची नाही, नावाने हाक मारायची नाही. 'भन्ते' म्हणायचं. कालच मी जमिनीला डोकं टेकून माझ्याच नवऱ्याला तीनदा वंदन केलं. तो हसू दाबत होता. भुवया नसल्या की हसू लपवता येत नाही, हे मला नवीनच कळलं.

बाकी ठीक. माझं कागदपत्रांचं एक छोटं काम आहे, ते मी बघेन.

तुझी वहिनी,
खिंग


नान, ९ ऑगस्ट २५६१

वहिनी,

वॉर्डात डेंग्यूचे इतके रुग्ण आहेत की तुझं पत्र औषधांच्या खोलीत उभ्याने वाचलं. भुवयांपाशी आले आणि मोठ्याने हसले. मोठ्या सिस्टर दारातून म्हणाल्या, "कोण बरं झालं?"

आता त्या 'छोट्या कामा'बद्दल. मला काय दुधखुळी समजतेस? दर सप्टेंबरात तुमचे फोटो निघतात. घराच्या नंबराच्या पाटीखाली दोघं ताठ उभे. जेवणाच्या टेबलाशी दोघं. पलंगाच्या काठावर दोघं, मध्ये एवढं अंतर की तिथे बाबा झोपतील. इमिग्रेशनला पटवायला की हे खरोखरचे नवराबायको आहेत. आईने ते सगळे जपून ठेवले होते, आल्यागेल्याला दाखवायची. "बघा, सरकारने मुद्दाम मागवलेत," म्हणायची.

तुझा राहण्याचा शिक्का दोन ऑक्टोबरला संपतो. वर्षावास संपतो चोवीस ऑक्टोबरला. आणि नवरा बसलाय विहारात. 'आहे' म्हणून ओरडलीस तेव्हा कॅलेंडर कुठे ठेवलं होतंस? दादाला हे ठाऊक आहे का?

एक मात्र आधीच सांगते. वर्षावास मध्ये मोडायचा नाही. दादा पंधरा दिवस म्हणत होता, मीच त्याला तीन महिने बस म्हटलं. मुलाने चीवर घातलेलं बघायचं ही आईची एकच हौस होती, ती दुकानापायी आणि तुझ्यापायी राहून गेली. तुझ्यापायी म्हटलं म्हणून रागावू नकोस. रागावलीस तर पत्रात लिही, पोचायला आठवडा लागतो, तोवर ओसरेल.

नुई


कंतांग, २२ ऑगस्ट २०१८

प्रिय नुई,

रागावले होते, ओसरला.

कॅलेंडर समोरच्याच भिंतीवर होतं. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण आई गेल्यापासून थवत दुकानात बोटीचं एक इंजिन उघडून दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचा. तीन महिने म्हटल्यावर पहिल्यांदा नीट जेवला. मग मी काय शिक्का दाखवत बसणार होते? तू माझ्यापेक्षा पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढची तारीख घालतेस, म्हटलं तुझ्या बौद्ध पंचांगात काहीतरी सोय सापडेल.

काल इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन आले. खिडकीत या वर्षी नवे अधिकारी आहेत, पैथून साहेब. चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे.

"नवरा कुठे आहे?"

"विहारात."

"दर्शनाला?"

"राहायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भांडण?"

"वर्षावास."

"साधु, साधु," म्हणून त्यांनी हात जोडले. मग हात तसेच जोडलेले ठेवून विचारात पडले. "म्हणजे तुम्ही एकत्र राहत नाही."

"सध्या नाही. त्याआधी एकोणीस वर्षं राहिलो."

"ती फायलीत दिसताहेत. पण मुदतवाढ आज एकत्र राहणाऱ्यांना मिळते." त्यांनी पानं उलटली. "मूल आहे? त्याच्या आधारावर मिळू शकते."

"ते कारण आम्हाला मिळालं नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही, त्याबद्दल मला ते आवडले. थोड्या वेळाने म्हणाले, "पन्नाशी झालीय? निवृत्त म्हणून अर्ज करता येतो."

"पंचेचाळीस."

"मग थांबावं लागेल," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

शेवटी ठरलं ते असं. भन्तेंना स्वतः हजर करा. दोघांचे घरातले फोटो आणा. घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा आणा, आणि शेजारचा एक साक्षीदार आणा. नाही जमलं तर दोन ऑक्टोबरच्या आत देश सोडा आणि बाहेरून नवा व्हिसा घेऊन या. त्यालाही नवऱ्याचेच कागद लागतात, आणि किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही. मी सीमेपलीकडे पिनांगला खोली घेऊन बसू शकते गं. पण बाबांना कोण बघणार? त्यांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याला माणसं ढगासारखी दिसतात, आणि माझ्या हातचीच आंबट माशाची आमटी लागते. आईंपेक्षा वाईट होते, म्हणतात, पण तीच लागते.

खिंग


नान, ३ सप्टेंबर २५६१

वहिनी,

बाबांचा फोन आला होता. आवाज अगदी ठणठणीत. "मला एखादा आजार सुचव," म्हणाले, "सात दिवसांचा."

त्यांना कोणीतरी सांगितलंय की आईबाप आजारी असले तर भिक्खूला वर्षावासात सात दिवस विहाराबाहेर राहता येतं. त्यांचा बेत असा की ते झोपून राहणार, दादा सेवेला घरी येणार, आणि तेवढ्यात तुझे साहेब येऊन दोघांना घरात बघून जाणार. मी म्हटलं, "बाबा, भिक्खू आणि बाई एका छपराखाली झोपत नाहीत. दादा घरी आला की वहिनीला लमाय मावशींकडे जावं लागेल. साहेब आल्यावर काय बघणार? नवरा आहे, बायको पळाली." बाबा म्हणाले, "मग आजार राहू दे. उद्या बाजार आहे."

माझं ऐक. काही लपवू नका. दादाला सरळ चीवरात घेऊन जा. दिवसा बाहेर पडून अंधाराआधी परतायला मोठे भन्ते नाही म्हणणार नाहीत. खोटं मात्र कोणी बोलू नका. त्याला तर बोलताच येणार नाही, तेव्हा उगाच इतरांनी कशाला पाप घ्यायचं.

नुई


कंतांग, १८ सप्टेंबर २०१८

प्रिय नुई,

काल जाऊन आलो. सावकाश वाच, औषधांच्या खोलीत वाचू नकोस.

भन्ते गाडीत पुढे, चालवायला लमाय मावशींचे यजमान. मी, मावशी आणि बाबा मागे उघड्यावर. मावशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होत्या, म्हटलं सरकारी कामाला नटल्यात. ऑफिसात माझ्यासारखे परदेशी खच्चून भरले होते. भन्ते आत आले तसे सगळे थाई लोक उठून उभे राहिले. परदेशी लोकांना वाटलं खिडकी बंद झाली, म्हणून तेही कुरकुरत उठले. पैथून साहेब धावत बाहेर आले, भन्तेंना सोफ्यावर बसवलं, आणि स्वतः खाली फरशीवर गुडघे मुडपून बसले. मग माझी फाईल फरशीवर आली, पासपोर्ट फरशीवर आला, शिक्क्याची पेटीसुद्धा.

"भन्ते, आपण या बाईंना ओळखता?"

"ओळखतो. संसारातल्या पत्नी."

"आपण एकत्र राहता?"

"सध्या नाही."

मी डोळे मिटून घेतले. साहेबांनी घाम पुसला. "आणि... क्षमा करा... आपसांत काही भांडण वगैरे?"

"आहे," तुझा भाऊ म्हणाला. "दुकानाच्या छपरावरून. मला पत्रा हवाय, त्यांना कौलं हवीत. वर्षावास संपला की पुरं करायचं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्रा उन्हात तापतो," मी म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि मला वाटतं तिथपासून वारं फिरलं.

मग साक्षीदार. "मावशी, हे दोघं एकत्र राहतात का?"

"नाही," लमाय मावशी म्हणाल्या.

"आधी राहायचे?"

"हो तर. मधली भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं." एवढं बोलून त्या माझ्या कानाशी लागल्या, पण त्यांचं कुजबुजणं तुला माहितीच आहे, पार खिडकीपर्यंत ऐकू गेलं. "आज उपोसथाचा दिवस आहे गं, मी अष्टशील घेतलंय, खोटं बोलायचं नाही. काल विचारलं असतं तर पाहिजे ते सांगितलं असतं."

फोटो बघितले. नंबराच्या पाटीखाली एका टोकाला छत्रीखाली भन्ते, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये बाबा, दोघांनाही आपणच पकडून आणल्यासारखे. मग पलंगाचा. तो मी एकट्या पलंगाचाच काढला होता, दुसरं काय करणार. साहेबांचे कान लाल झाले. "पलंग आहे एवढं सिद्ध होतं," म्हणाले.

नकाशा त्यांना आवडला. त्यात मी मावशींचा कॉफीचा ठेला, वळणावरचा झोपलेला कुत्रा, घर आणि विहार सगळं काढलं होतं, आणि विहारापासून घरापर्यंत टिंबांची रेघ.

"हे काय?"

"रोज सकाळी भिक्षेला ते या वाटेने येतात. आमच्या दारात थांबतात. मी भात घालते."

"रोज?"

"रोज. आत येत नाहीत एवढंच."

ते त्या टिंबांवरून बोट फिरवत राहिले. मी त्यांना विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं की तेही एक वर्षावास बसले होते आणि त्यांची बायको त्यांना मुद्दाम खारट अंडी घालायची. मग त्यांनी माझा अर्ज घेतला आणि तो विचाराधीन असल्याचा शिक्का मारला. तो दरवर्षीच मारतात, पण त्याची मुदत नोव्हेंबर लागेपर्यंत जाते हे आजवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घर बघायला यायचा दिवस त्यांनी कॅलेंडर चाळून लावला, सव्वीस ऑक्टोबर.

"त्या दिवशी घरात एक नवरा हवा," मला दारापर्यंत सोडताना ते म्हणाले. "केस नसले तरी चालेल."

येताना मावशींनी सगळ्यांना भाजलेलं डुक्कर घेतलं. भन्तेंची जेवायची वेळ, म्हणजे दुपार, टळून गेली होती. ते पुढे बसून वास घेत होते. मी थवतसाठी नवा निळा सदरा घेऊन ठेवलाय, चीवर उतरवल्यावर घालायला.

खिंग


नान, २ ऑक्टोबर २५६१

वहिनी,

तुझं पत्र मी वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवलं. सलाईन लावलेली एक आजी एवढी हसली की सुई निघाली. अष्टशीलाचा किस्सा आता इथल्या सगळ्या सिस्टर सांगतात, आणि मावशींना म्हणे कुजबुजण्याबद्दल बक्षीस द्यायला हवं.

मी म्हटलं होतं ना, खरं बोला? शिकवण माझी, यश तुमचं.

मी वर्षावासानंतरच्या कठिन चीवरदानाच्या सोहळ्याला येतेय, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तेव्हा सगळ्यांनाच भेटेन. निळ्या सदऱ्याची घाई नव्हती. दादाने तुला सांगितलंच असेल, त्याचं मन तिथे इतकं लागलंय की वर्षावासानंतरही राहावंसं वाटतं, निदान नव्या वर्षापर्यंत, कदाचित पुढेही. मला त्याचं पत्र आलं ते वाचून मी रडले. आईला याहून जास्त काय हवं होतं? आणि तुझी परवानगी आहेच, हे किती मोठं पुण्य तुझं. साहेब भले दिसतात, काहीतरी करतील.

माझ्यातर्फे भन्तेंना वंदन.

नुई


कंतांग, ११ ऑक्टोबर २०१८

प्रिय नुई,

त्याने मला सांगितलं नव्हतं.

तुझा काही दोष नाही. तुला वाटलं, नवऱ्याने बायकोला सांगितलं असेल. कोणालाही वाटलं असतं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी भाताचा डाव पात्रावर धरला आणि तसाच धरून राहिले. तोही थांबला. मागचे दोन भिक्खू थांबले, कुत्रासुद्धा उठून बसला. मग मी भात घातला आणि त्याने आशीर्वाद म्हटला. आवाज छान लागतो हल्ली त्याचा.

दुपारी बाबांना घेऊन विहारात गेले. बाबा मध्ये बसले, आम्ही दोन बाजूंना, फोटोतल्यासारखेच.

"नुईने लिहिलंय ते खरं का?" मी विचारलं.

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला. "सांगणार होतो. इथे सकाळी जाग येते तेव्हा काहीच दुरुस्त करावंसं वाटत नाही."

नुई, एकोणीस वर्षं मी या माणसाला इंजिनं, पंखे, नळ, माझी सायकल आणि माझी भाषा दुरुस्त करताना पाहिलंय. त्याला काहीच दुरुस्त करावंसं वाटत नसेल तर तो किती निवांत असेल हे मला कळतं. त्याचा हेवा वाटला. मग तो हळूच म्हणाला, "तुमची परवानगी आहेच म्हणा." मला तुम्ही म्हणाला. बाबांनी आपला तो ढगाळ डोळा माझ्याकडे वळवला. घरी आल्यावर आमटी अर्धी ठेवली.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही, मी भांडी घासता घासता केला. या देशात मला मिळालेल्या प्रत्येक परवानगीवर तारीख आहे. दर नव्वद दिवसांनी मी कुठे राहते ते कळवते, दर वर्षी मी अजून कोणाची तरी बायको आहे हे फोटो काढून दाखवते. मला कधी त्याचा कंटाळा आला नाही. खरं सांगू? मला ते आवडायचं. वर्षातून एकदा कोणीतरी आम्हाला विचारायचं, अजून एकत्र आहात ना? आणि आम्ही पाटीखाली ताठ उभं राहून म्हणायचो, हो, आहोत. आणि मी, जिने एवढे शिक्के जमवले, तिने त्याला परवानगी देताना तारीखच घातली नाही. नुसतं "आहे" म्हणून ओरडले.

आई म्हणाल्या होत्या, पावसाळ्यापर्यंत टिकेल. फक्त कोण, ते त्यांनी नीट बघितलं नव्हतं.

सव्वीसला पैथून साहेब येतील. घरात नवरा नसेल तर ते भले असले तरी त्यांना जे लिहावं लागतं तेच लिहितील, आणि मी पिनांगला जाईन, आणि बाबा लमाय मावशींच्या हातचं जेवतील आणि वाळतील. पण समजा उद्या मला जन्मभराचा शिक्का मिळाला, तरी मी हे पत्र लिहिलंच असतं. मी हे कोणत्याही साहेबाला सांगणार नाही, तुला सांगते.

मी स्वतः त्याला ये म्हटलं तर तो येईल. शिक्क्यासाठी येईल, निळा सदरा घालेल, आणि रोज सकाळी भिक्षेच्या वेळी रस्त्याकडे बघत बसेल. तो आईंसाठी गेलाय. आईंच्या वतीने त्याला बसवलंस तू. सुट्टी द्यायची तर तीही तूच देऊ शकतेस.

म्हणून मागते. फार नाही, तातडीच्या टपालाने दोन ओळी, तुझ्या त्या नीटस नर्सच्या अक्षरात: "भन्ते, वहिनीने दिलेली परवानगी चोवीस ऑक्टोबरला संपते, मुदतवाढ मिळणार नाही. छपराचं भांडण वर्षावासानंतर पुरं करायचं आहे, असं आपण स्वतः अधिकाऱ्यांसमोर म्हणाला होतात, आणि भिक्खू खोटं बोलत नाही."

कोणाला चीवर उतरवायला सांगणं तुमच्यात केवढं मोठं पाप आहे ते मला ठाऊक आहे. तू हे पत्र उभ्याने वाचशील, खाली बसशील आणि नाही म्हणशील, तेही ठाऊक आहे. तरी लिहिशील का?

खिंग